पायरी हलत नव्हती

२७ एप्रिल, रविवार

रोजनिशी सुरू. डॉक्टर म्हणाली, बीपी वाढलंय, रोज थोडं लिहीत जा, राग कागदावर उतरतो. मी तिला सांगितलं, मला राग येत नाही, लोक आणतात. तिनं मान हलवली आणि गोळीचा डोस वाढवला.

संकल्प तीन. राग नाही. रोज चालणं. आणि बेसमेंटचे पाहुणे यापुढे डायरेक्ट घ्यायचे, वेबसाइट मधे नको.

बेसमेंट म्हणजे आमचं 'माहेर'. घराखालचा भाग, वेगळं दार, ड्राइव्हवेवरून पाच लाकडी पायऱ्या उतरून जायचं. फुटबॉलच्या आणि ग्रॅज्युएशनच्या वीकेंडला आमच्या या युनिव्हर्सिटीच्या गावात, स्टेट कॉलेजमध्ये, हॉटेलची खोली मिळत नाही, तेव्हा लोक आमच्याकडे येतात. चार वर्षांत एकच वाईट रिव्ह्यू. शेरिल नावाची बाई, मार्चमध्ये. 'जागा छान, तिसरी पायरी हलते, जपून.' मी तिथंच खाली उत्तर लिहिलं की पायरी हलत नाही, लाकूड जुनं आहे, त्याला कॅरेक्टर आहे. शेरिलच्या वजनाबद्दलचं वाक्य गिरिजानं खोडायला लावलं.

गिरिजा म्हणजे बायको. ती वर्षभर म्हणतेय, पायरी नीट कर. ब्रॅकेट आणलेत. गॅरेजमध्ये आहेत. अर्ध्या तासाचं काम आहे, म्हणून तर घाई नाही.

३० एप्रिल, बुधवार

शंतनू वैरागडेचा फोन. मुलगा आर्वी गावचा, इथे पीएचडी झाली, दहा तारखेला समारंभ. आई येतेय, पहिल्यांदाच विमानात. त्याची स्वतःची खोली तिसऱ्या मजल्यावर, तीन रूममेट, लिफ्ट नाही. वेबसाइटवर आमची जागा बघितली म्हणाला. मी म्हटलं, अरे वेबसाइट कशाला, आपण मराठी माणसं, थेट ये. मोठेपणा कुणाला दिसत नाही, तरी करावा.

त्यानं विचारलं, आईला गुडघ्याचा त्रास आहे, पायऱ्या ठीक आहेत ना? म्हटलं, एकदम ग्रँडपेरेंट-फ्रेंडली. लिस्टिंगमध्येच तसं लिहिलंय.

मला काका म्हणाला. मी सत्तेचाळीसचा आहे. सोडून दिलं. संकल्प एक.

३ मे, शनिवार

पायरी करणार होतो. पाऊस.

४ मे, रविवार

पाऊस नव्हता. मॅच होती. पायरीवर नवीन डोअरमॅट टाकली. आता काही दिसत नाही.

८ मे, गुरुवार

पाहुण्या आल्या. रत्ना वैरागडे, सहासष्ट वर्षांच्या. सगळे मावशी म्हणतात म्हणून आपणही. एस.टी.त होत्या, आर्वी स्टँडवर एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक. गाड्या येण्या-जाण्याची घोषणा करायची, वेळ लिहायची. आवाज अजून तसाच. जेवताना म्हणाल्या, "भाजी छान झाली," तर समोरच्या घरातला कुत्रा भुंकला.

मोठ्या पिशवीतून गिरिजाला आर्वीकडची गोरसपाकाची बिस्किटं दिली. मला काही नाही. असो.

त्यांना फ्रिजवरची पाटी दाखवली. मी स्वतः ड्राफ्ट केलीय: इथे राहणारा प्रत्येक जण स्वतःच्या जबाबदारीवर राहतो, इजा झाल्यास मालक जबाबदार नाही. लॅमिनेट केलेली. मावशींनी चष्मा लावून पूर्ण वाचली, शंतनूकडून प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारून घेतला. मग म्हणाल्या, "आमच्या स्टँडवर पण अशी पाटी होती जी. 'सामान सांभाळा.' चोरी झाली का तरी रिपोर्ट आम्हीच लिहायचो."

मुद्दा समजला नाही त्यांना.

१० मे, शनिवार, सकाळी ११

पडल्या. आजच पडायचं होतं.

पावणेआठला खालून आवाज. गेलो तर मावशी पायऱ्यांच्या तळाशी, नवी जांभळी साडी, एक पाय नको त्या दिशेला. शंतनू वरून धावत आला, काळा गाऊन घालून, त्यात पाय अडकून तोही पडता पडता राहिला. गिरिजानं नाइन-वन-वन केला. मी म्हणत होतो, उठवा त्यांना, जरा चालल्या की बरं वाटेल. गिरिजा माझ्यावर ओरडली. पाहुण्यांसमोर.

अँब्युलन्स. शंतनू सोबत, गिरिजा मागून कारनं. मी इथेच थांबलो, घराकडे कुणीतरी बघायला हवं.

पायरी जरा वाकडी झाली होती. पायानं ढकलून सरळ केली. मग फोटो काढले, सहा. फोटोत उत्तम दिसते.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५

घोटा दोन ठिकाणी मोडला. ऑपरेशन, प्लेट, स्क्रू. शंतनू दुपारी दोनपर्यंत इमर्जन्सीत गाऊन घालून बसला होता म्हणे. समारंभ सकाळी दहाला होता. झाला. त्याचं नाव पुकारलं असेल, कुणी गेलं नसेल.

गिरिजा हे सांगताना रडली. वाईट मलाही वाटलं. पण मुळात प्रश्न असा की सहासष्ट वर्षांच्या बाईनं पायरी चढताना खाली बघायचं की वर?

११ मे, रविवार

परीक्षितला फोन केला. परीक्षित म्हणजे आपल्या इथल्या मराठी मंडळाचा खजिनदार. दोन वर्षांपूर्वी स्पीडिंगच्या तिकिटाविरुद्ध कोर्टात उभा राहून जिंकला होता. त्यामुळे कायद्याचं त्याला माहीत आहे. म्हणाला, तीन गोष्टी लक्षात ठेव. सॉरी म्हणू नको, सॉरी म्हणजे कबुली. पायरी दुरुस्त करू नको, दुरुस्ती म्हणजे कबुली. आणि हॉस्पिटलमध्ये फुलं पाठवू नको.

फुलं गिरिजानं आधीच नेली होती. झालं. आमच्याच घरात फितुरी.

१४ मे, बुधवार

आज जे घडलं ते लिहिताना पेनानं कागद फाटला. बीपी नाही, संताप.

हॉस्पिटलनं मावशींना सोडलं. दोन महिने पाय टेकायचा नाही, विमान नाही. शंतनूकडे तिसरा मजला. गिरिजा म्हणाली, मग आपल्याकडे वरच्या गेस्टरूममध्ये. मी म्हटलं, अगं, उद्या ती बाई आपल्यावर केस करेल! गिरिजा म्हणाली, करू दे, तोवर झोपायची सोय तर हवी.

आता परिस्थिती अशी: ज्यांच्याशी माझा वाद आहे त्या माझ्याच हॉलमध्ये, माझ्याच रिक्लायनरमध्ये, पाय उशीवर ठेवून बसल्यात आणि माझी बायको त्यांना पेज देतेय.

मला बघून म्हणाल्या, "तुम्हाला त्रास झाला जी आमच्यापायी." परीक्षितचं आठवलं. म्हटलं, "नो कमेंट."

१५ मे, गुरुवार

आपण निर्धास्त आहोत. घराचा विमा आहे. क्लेम टाकला. शिवाय वेबसाइटचं होस्टसाठी संरक्षण असतंच, तिथेही टाकला. दोन-दोन कवच. शंतनूनं काल इमेल केला: काका, आईच्या ट्रॅव्हल इन्शुरन्सवाल्यांना तुमच्या विमा कंपनीचं नाव हवंय. किती थंड भाषा. या मुलाच्या आईला मी डायरेक्ट रेट दिला होता.

१९ मे, सोमवार

वेबसाइटचं उत्तर. 'या तारखांना आमच्याकडे कोणतंही बुकिंग नोंदलेलं नाही.' अरे, नसेलच! थेट घेतलं होतं. पण चार वर्षं तुमचं गिऱ्हाईक आहे ना मी? माणुसकी? चॅटवर चाळीस मिनिटं भांडलो. शेवटी कळलं, तो रोबो होता.

२२ मे, गुरुवार

घराच्या विमा कंपनीचा फोन. बाई फार गोड बोलत होती, तेव्हाच ओळखलं. म्हणाली, रिन्यूअल फॉर्मवर प्रश्न होता, घराचा कुठलाही भाग भाड्यानं देता का, तुम्ही 'नाही' वर खूण केलीय. मी म्हटलं, आम्ही भाड्यानं देत नाही, आम्ही पाहुणे ठेवतो. ती म्हणाली, पैसे घेऊन ना? म्हटलं, मेंटेनन्ससाठी. ती म्हणाली, मेंटेनन्स कसला केलात?

हा प्रश्न मुद्दाम होता. क्लेम नाकारला.

२५ मे, रविवार

केयाचा पिट्सबर्गहून फोन. मुलगी आमची, सेकंड इयरला. मी पूर्ण केस समजावून सांगितली, पाऊण तास. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डॅड, जस्ट फिक्स द स्टेप." म्हटलं, बेटा, कायदा इतका सोपा नसतो. "इट्स अ स्टेप, डॅड."

मग मावशींशी बोलायला फोन मागितला. वीस मिनिटं हसत होत्या दोघी. केयाचं मराठी मोडकं, मावशींचं इंग्रजी त्याहून. काय बोलल्या ते विचारलं नाही.

पायरी अजून तशीच आहे. पुरावा म्हणून. परीक्षितच्या सांगण्यावरून पिवळी पाटी मागवली, 'वॉच युअर स्टेप'. आली की लावून फोटो काढायचा. आधीपासून होती असं मी म्हणणार नाही. फक्त फोटो दाखवणार.

२९ मे, गुरुवार

स्टेटमेंट टाइप केलं. मराठीत, म्हणजे त्यांना समजेल. 'मी, रत्ना वैरागडे, लिहून देते की पायरी मजबूत होती, मालकांनी मला आधी पूर्ण सूचना दिली होती आणि मी माझ्या चुकिने पडले.' चहाबरोबर पुढे ठेवलं, पेनही ठेवलं.

मावशींनी चष्मा लावला. वाचलं. पेन घेतलं. मला वाटलं, झालं काम. त्यांनी 'चुकिने'मधली वेलांटी दीर्घ केली, तारीख चुकली होती ती बदलली, आणि कागद परत दिला. "शुद्धलेखन पाहून दिलं जी. सही नाही करत. पायरी मजबूत नव्हती ना. आणि सूचना कवा दिली तुम्ही?"

मी म्हटलं, फ्रिजवर.

"फ्रिज खाली होता. पायरी बाहेर."

गिरिजाला म्हटलं, साक्षीदार म्हणून तू तरी सही कर. तिनं कागद घडी घालून रद्दीत टाकला. म्हणाली, "मी खिडकीतून बघितलंय, देवदत्त. अँब्युलन्स गेल्यावर तू पायानं काय करत होतास ते." पूर्ण नाव घेऊन बोलली. बावीस वर्षांत तिसऱ्यांदा.

व्यवस्थितपणा हा या घरात गुन्हा आहे.

३ जून, मंगळवार

वकील केली. नाइलाज, मावशींचे ट्रॅव्हल इन्शुरन्सवाले हॉस्पिटलचा खर्च माझ्याकडे मागताहेत. हॅगर्टीबाई, ऑफिस डाउनटाउनमध्ये सँडविचच्या दुकानावर. तिला माझी फाइल दिली: फोटो, पाटी, फ्रिजवरचा कागद, आणि माझं कायद्याचं विश्लेषण अकरा पानी.

तिनं विश्लेषण बाजूला ठेवलं. विचारलं, फ्रिजवरच्या कागदावर पाहुण्यांची सही आहे? नाही. मग तो कागदच आहे. पिवळी पाटी कधी लावली? सांगितलं. म्हणाली, हा फोटो कुणालाही दाखवू नका. पायऱ्यांचे फोटो पडण्याआधीचे की नंतरचे? नंतरचे. आणि मधे पायरीला कुणी हात लावला?

हात नाही लावला, म्हटलं. खरंच आहे ते.

मग शेरिलचा रिव्ह्यू तिनं स्वतःच फोनवर उघडून माझ्यासमोर धरला. म्हणाली, पायरी हलते हे तुम्हाला मार्चपासून माहीत होतं, आणि तुम्ही तसं लेखी दिलंय. मी म्हटलं, मी लेखी दिलंय की हलत नाही. ती म्हणाली, एक्झॅक्टली.

जाता जाता विचारलं, पायरी दुरुस्त केली तर कबुली होते ना? ती हसली नाही, पण जवळपास हसली. म्हणाली, फोटो काढून ठेवायचे आणि दुसऱ्याच दिवशी दुरुस्त करायची. दुरुस्ती तुमच्याविरुद्ध धरत नाहीत. तीन आठवडे तशीच ठेवलीत आणि आता दुसरं कुणी पडलं, तर मात्र मी तुमचा फोन उचलणार नाही.

परीक्षितला फोन केला. त्यानंही उचलला नाही.

५ जून, गुरुवार

सापडलं! खरा जबाबदार सापडला.

पायरी का कुजली? पाण्यानं. पाणी कुठून आलं? रस्त्यावरून. रस्ता कुणाचा? टाउनशिपचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा. म्हणजे चार वर्षं टाउनशिपनं माझ्या पायरीवर पाणी सोडलंय आणि बिल मी भरू?

सकाळी पाच पानी पत्र लिहिलं. उताराचं ड्रॉइंग, बाण, फोटो. 'माझ्या भाड्याच्या जागेतील पाहुण्यांच्या सुरक्षेची जबाबदारी आपली आहे' असं स्पष्ट ठणकावलं. तीन अधिकाऱ्यांना कॉपी. हॅगर्टीबाईला विचारायची गरज वाटली नाही, ती प्रत्येक मिनिटाचं मीटर लावते.

फार हलकं वाटतंय. चालायलाही गेलो. कोपऱ्यापर्यंत.

१२ जून, गुरुवार

टाउनशिपचा माणूस आला. हातात माझं पत्र. मी ड्राइव्हवेवर पाण्याची बाटली ओतून उतार दाखवला. त्यानं नम्रपणे बघितलं. पाणी गॅरेजकडे गेलं. मग म्हणाला, पत्रात तुम्ही भाड्याची जागा म्हटलंय, परमिट बघू.

कसलं परमिट?

दोन तास होता. पायऱ्यांची उंची मोजली. कठडा नाही म्हणून लिहिलं. स्मोक अलार्म दाबून बघितला, वाजला नाही. खालच्या दाराला लाल कागद चिकटवून गेला: परवानगीशिवाय भाड्यानं देऊ नये.

मावशी खिडकीतून सगळं बघत होत्या. तो जाताना त्यांनी आतूनच हात जोडले. त्यानंही जोडले, बोटं खाली करून. मला म्हणाल्या, "नीट काम करते माणूस. कागद सरळ लावला."

मी जेवलो नाही. पोहे खाल्ले फक्त.

१५ जून, रविवार

फादर्स डे. केयाचा मेसेज: हार्टचा इमोजी आणि 'स्टेप???'

आज मावशी सकाळपासून कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहीत होत्या. दुपारी मला बोलावलं. म्हणाल्या, "स्टँडवर कुणी पडलं का मी रिपोर्ट लिहायची. ड्रायव्हरची बाजू, पॅसेंजरची बाजू, गाडीची हालत. इथे कुणी लिहिला नाही म्हणून मीच लिहिला. वाचून घ्या."

मी घेतला नाही. म्हटलं, माझी वकील आहे, जे काय आरोप असतील ते तिच्यामार्फत. आवाज जरा चढला असेल. कागद टेबलावर ठेवून त्या चष्मा पुसत बसल्या. खूप वेळ पुसत होत्या.

नंतर गिरिजा म्हणाली, त्यांना ऑपरेशननंतर झोप येत नाही, दुखतं, आणि तुला कळू नये म्हणून कण्हत नाहीत. हे मला कशाला सांगायचं?

२१ जून, शनिवार

लॉन कापून आत आलो तर हॉलमध्ये माणसं. शंतनू गाऊन घालून उभा. त्याचे प्रोफेसर, उंच, पांढरी दाढी, तेही पूर्ण झग्यात. दोन रूममेट. केया! पिट्सबर्गहून बसनं आली, मला पत्ता नाही. गिरिजानं मावशींना जांभळी साडी नेसवली होती, पायाला प्लास्टिकचा बूट.

कळलं ते असं: समारंभ हुकला म्हणून प्रोफेसर घरी येऊन शंतनूच्या गळ्यात पीएचडीचा तो रंगीत पट्टा, हूड, घालणार होते. केयानं त्यांना इमेल करून जमवलं होतं. महिनाभर ठरत होतं. माझ्या घरात.

प्रोफेसर म्हणाले, नाव कोण पुकारणार? शंतनू म्हणाला, आई. मग मावशी रिक्लायनरमध्येच ताठ बसल्या आणि त्यांच्या त्या आवाजात घोषणा केली, "डॉक्टर शंतनू श्रीराम वैरागडे, आर्वी, हॉलच्या मध्यभागी येत आहेत." श्रीराम म्हणजे त्याचे वडील, नऊ वर्षांपूर्वी गेले. शंतनू दोन पावलं चालला. दोनच होती. हूड घातला. मावशींनी उठायचा प्रयत्न केला, केयानं आणि गिरिजानं दोन्ही बाजूंनी धरलं.

सगळे रडत होते. मी नाही, मला गवताची ॲलर्जी आहे.

मग फोटो. सगळे उभे राहिले, मीही गिरिजाशेजारी जागा केली. शंतनू म्हणाला, काका, तुम्ही काढता का? माझा हात स्थिर आहे, हे त्याच्या लक्षात आलं असावं. अकरा काढले. एकातही मी नाही, हे साहजिक आहे.

प्रोफेसर जाताना मला म्हणाले, तुम्ही त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलंत, फार मोठं मन आहे. मी थँक यू म्हटलं. गिरिजानं माझ्याकडे बघितलं.

२७ जून, शुक्रवार

हॅगर्टीबाईचा फोन. म्हणाली, गुड न्यूज, मावशींचे इन्शुरन्सवाले तडजोडीला तयार आहेत, बरंच कमी करून. मी म्हटलं, माझ्या विश्लेषणामुळे ना? ती म्हणाली, नाही, त्या बाईंच्या रिपोर्टमुळे.

गिरिजानं माझ्या मागे तो कॅलेंडरचा कागद भाषांतर करून तिला पाठवला होता. मावशींनी तेच इन्शुरन्सवाल्यांना फोनवर सांगितलं, शब्दाला शब्द. हॅगर्टीबाईनं वाचून दाखवलं:

'वेळ सात चाळीस. उजेड पुरेसा. तिसरी पायरी पुढे सरकली, खाली आधार नव्हता. धरायला कठडा नव्हता. घरमालकांनी पायरी हलते असे सांगितले नव्हते. मी नवीन चप्पल घातली होती, सवयीची नव्हती. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात साडीच्या निऱ्या. मी पायरीकडे बघत नव्हते. मी वर मुलाकडे बघत होते, कारण तो त्या कपड्यात त्याच्या वडिलांसारखा दिसत होता. घरमालकांचा हेतू वाईट नव्हता. आळस होता.'

ती म्हणाली, इथे दोष वाटून धरतात, आणि या बाईंनी आपला वाटा स्वतःहून लिहून दिलाय. असा कागद मी वीस वर्षांत पाहिला नाही. तुम्ही आधी का नाही दिलात?

आळस! मला! नोकरी करून, लॉन कापून, अकरा पानं टाइप करणाऱ्या माणसाला!

फोन ठेवला. दोनदा बीपी घेतलं. दोन्ही वेळा मशीन बिघडलेलं.

८ जुलै, मंगळवार

तडजोडीवर सह्या झाल्या. घरावर कर्ज काढलं, हप्ते पाच वर्षं. खालचं दार बंद. वेबसाइटवरून 'माहेर' काढून टाकलं. काढताना कारण विचारतात, पर्याय दिलेले असतात. 'इतर' दाबलं.

परीक्षित दुकानात भेटला. म्हणाला, मी काय तसं सिरीयसली म्हटलं होतं का यार.

मावशी आता वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत येतात. आज माझ्यासाठी चहा ठेवला, मी मागितला नाही तरी. आलं जास्त होतं. प्यायलो.

आज मला जाणवलं की मी त्यांना मनातून कधीच क्षमा केलीय. पण हे त्यांना सांगायला हवं, नाहीतर त्यांच्या मनाला टोचणी राहील. जायच्या दिवशी सांगणार.

१३ जुलै, रविवार

क्षमा कशी मांडायची याचा विचार. सुरुवात: 'मावशी, झालं गेलं.' पुढे काय?

गिरिजाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, क्षमा तू करणार? आणि खोलीतून गेली. परत आली आणि म्हणाली, "दोन शब्द आहेत, देवदत्त. तेवढेच म्हण."

चौथ्यांदा.

१९ जुलै, शनिवार, सकाळी ११

गेल्या.

शंतनूला सनीव्हेलला चिप कंपनीत नोकरी लागली. आईला नेवार्कला विमानात बसवणार, मग तो तिकडे. भाड्याची गाडी ड्राइव्हवेवर, इंजिन चालू. गिरिजानं डबा दिला. केया फोनवर होती, स्पीकरवर, मावशी तिला "ये गं आर्वीला" म्हणत होत्या आणि ती "आय विल, आय विल."

गाडीची सीट उंच. मावशींनी इकडे तिकडे बघितलं, शंतनू बॅगा चढवत होता. मग माझा हात धरला. विचारलं नाही, धरला. पूर्ण भार टाकला. इतक्या बारीक बाईचा एवढा भार असेल असं वाटलं नव्हतं. पाय उचलताना दुखलं असावं, बोटं रुतली माझ्या मनगटात. अजून खुणा आहेत.

तयार केलेलं सगळं विसरलो. एकदम तोंडातून आलं, "मावशी, माझं चुकलं."

"काय जी?" त्या म्हणाल्या. इंजिनाचा आवाज होता.

सगळे बघत होते. शंतनू पण.

"काही नाही. पाणी घेतलंय का म्हटलं."

"घेतलंय."

दार लावलं. गेली गाडी.

गिरिजानं आत येताना विचारलं, म्हणालास का? म्हटलं, म्हणालो. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. दोन महिन्यांनी.

खोटं नाही सांगितलं. म्हणालो म्हणजे म्हणालोच. गाडीचा आवाज होता, त्यांना ऐकू आलं नाही, त्याची जबाबदारी माझी कशी?